शटर ओढल्यानंतरची सातवी सिव्ह: पहिला डाव कसा लावायचा

आमचं मिरजेत औषधांचं दुकान आहे. समोरच हॉस्पिटल, त्यामुळे रात्री अकराच्या आत शटर ओढायची सोय नाही. मग गल्ला मोजायचा, दोन घास खायचे, सासूबाईंच्या सकाळच्या गोळ्या काढून ठेवायच्या, आणि बारा वाजत आले की मी लॅपटॉप उघडते. नवऱ्याला बरेच दिवस वाटायचं की मी जीएसटीचं काम करते. हल्ली वाटत नाही. जीएसटी भरताना कुणी ‘अगं बाई, हत्ती!’ असं ओरडत नाही.

‘सिव्हिलायझेशन’, लाडाने सिव्ह, या कॉम्प्युटर गेमचा सातवा भाग ११ फेब्रुवारी २०२५ ला आला. मंगळवार होता. सहावा आला होता २१ ऑक्टोबर २०१६ ला. मधल्या सव्वाआठ वर्षांत सासूबाईंचा गुडघा बदलून झाला, कोविडात दुकानापुढची रांग कोपऱ्याला वळली, भावाचा मुलगा माझ्या खांद्याला लागला, आणि मी आपली सहाव्या भागातच राज्य करत बसले होते. त्या मंगळवारी स्टॉकिस्टचा माणूस ऑर्डर घ्यायला आला, तर मी पॅरासिटामॉलचे दहा बॉक्स लिहायच्या जागी शंभर लिहिले. उन्हाळा लागेपर्यंत ते खपवत होतो.

गेम रात्री उतरवून झाला, पहिला डाव बुधवारी मांडला आणि तो पुढच्या रविवारपर्यंत पार मोडला. दुसराही मोडला. तिसऱ्याला कुठे गाडी रुळावर आली. जुने खेळाडू जिथे हमखास आपटतात तिथे मी आपटून झाले आहे, तेव्हा तुम्ही तरी सरळ तिसऱ्या डावापासून सुरुवात करा.

ज्यांना सिव्ह माहीतच नाही त्यांच्यासाठी चार ओळी. हा गेम रचणाऱ्या सिड मायर यांचा पहिला भाग १९९१ चा. बुद्धिबळासारखा पाळीपाळीने खेळायचा गेम आहे: आपली टर्न, मग बाकीच्यांची. एक शहर वसवून सुरुवात, शेती, लिपी, चाक असं करत करत अंतराळापर्यंत जायचं. वाटेत शेजारी भेटतात, भांडतात, तह करतात. घाई कुणालाच नसते. माझा भाचा ओजस पहिल्यांदा शेजारी बसला तेव्हा दहा मिनिटांनी त्याने विचारलं, “आत्या, यात गोळी कधी मारायची?” म्हटलं, अजून दोन हजार वर्षं थांब.

मी शिरले ती तिसऱ्या भागापासून. बी.फार्मला असताना दादाने पुण्याहून एक कॉपी केलेली सीडी आणली होती, वर गुलाबी मार्करने ‘सिव्ह ३’. तेव्हा नकाशा चौकोनी घरांचा होता आणि एकाच घरात वीस-वीस पलटणी रचता यायच्या. २०१० च्या पाचव्या भागात घरं षटकोनी झाली आणि एका घरात एकच पलटण राहू लागली. सहाव्यात शहर आजूबाजूच्या घरांमध्ये पसरायला लागलं. हा गेम बनवणाऱ्या फिरॅक्सिसचा एक जुना नियम आहे: नवीन भागात एक तृतीयांश जसंच्या तसं, एक तृतीयांश सुधारलेलं, एक तृतीयांश कोरं नवं. आपण फसतो ते या शेवटच्या तुकड्यात.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात बसवा

सातव्या भागात एक लांबलचक डाव नाही. तीन डाव आहेत, एकापाठोपाठ एक: प्राचीन युग, शोधयुग, आधुनिक युग. युग संपलं की तुमची संस्कृती बदलते. राजा तोच राहतो, पण मौर्य म्हणून सुरू केलेलं राज्य पुढे चोळ होतं, मग मुघल. आणि प्रत्येक बदलाला बऱ्याच गोष्टींची एक्स्पायरी होते.

मी हा शब्द उगाच वापरत नाही. दुकानात दर महिन्याला मी एक वही घेऊन कपाटं तपासते. पुढच्या तीन महिन्यांत मुदत संपणारा माल पुढे काढायचा, जो परत जाऊ शकतो तो परत पाठवायचा, आणि तसला माल नव्याने मागवायचा नाही. सातवी सिव्ह अगदी अशीच खेळायची असते. युग संपत आलं असताना वाचनालय बांधणं म्हणजे मार्चअखेर मुदत संपणारं सिरप फेब्रुवारीत पेटीभर उचलणं. बांधता येतं, पण उपयोग काय?

जुन्या भागांत आपण जे बांधलं ते शेवटपर्यंत आपलं असायचं. ती सवय मोडेपर्यंत हा गेम तुम्हाला अन्यायी वाटेल. मलाही वाटला. पहिल्या रात्री मी दादाला फोन करून ‘वाटोळं केलं रे आपल्या गेमचं’ म्हणून सांगितलं होतं.

मशीन

यावर फार लिहीत नाही. कमीत कमी ८ जीबी रॅम आणि २० जीबी जागा लागते. माझा लॅपटॉप सेकंडहँड आहे, ग्राफिक्स मध्यमवर ठेवते. तापतो मात्र फार. कफ सिरपच्या बाटल्यांची चार झाकणं चार कोपऱ्यांखाली सरकवली की खालून हवा लागते आणि पंख्याचा आवाज निम्म्यावर येतो. सेटिंगमध्ये जाऊन हालचाली आणि लढाया झटपट दाखवायचा पर्याय चालू करा. शिपाई चालताना बघायला पहिल्या दिवशी मजा येते, तिसऱ्या दिवशी नाही.

डाव मांडताना

अवघडपणाची पहिली पायरी स्क्राइब, दुसरी गव्हर्नर. जुन्यांनीही पहिला डाव गव्हर्नरवरच खेळावा, मान खाली जात नाही. नकाशा लहान घ्या. युगाची लांबी वाढवायची सोय आहे ती वापरा. नाहीतर नियम समजेपर्यंत प्राचीन युग संपलेलं असतं.

मग राजा निवडायचा. इथे पहिली गंमत आहे: राजा आणि संस्कृती वेगवेगळ्या केल्यात. रोमचा ऑगस्टस मौर्यांचा राजा होऊ शकतो. गांधीजी यात सुरुवातीला नाहीत, पहिल्या भागापासूनची त्यांची हजेरी इथे चुकली. (पहिल्या भागात एका चुकीमुळे गांधीजी अणुबॉम्ब टाकत सुटायचे अशी एक गोष्ट वर्षानुवर्षं सांगतात. खुद्द सिड मायर यांनी २०२० साली सांगून टाकलं की अशी चूक कधी नव्हतीच. गोष्ट मात्र अजून सांगतात.) भारताकडून यावेळी अशोक आहे.

पहिल्या डावाला अशोकच घ्या, आणि संस्कृती मौर्य. नावाची ओढ तर आहेच, पण खरं कारण वेगळं. अशोकाच्या राज्यात लोकांचा जास्तीचा आनंद अन्नात बदलतो. नवख्या माणसाची हमखास चूक म्हणजे वस्त्या वाढवण्याच्या नादात लोकांना नाराज करणं. अशोक घेतला की तुम्ही आपोआप आनंदाच्या आकड्याकडे बघायला शिकता, कारण पोट त्यावरच भरतं.

मौर्यांची खास पलटण आहे हत्तींची. तिचं नाव ‘पुरभेत्तारः’. संस्कृतच्या बाईंची आठवण आली मला. पुर म्हणजे नगर, भेत्ता म्हणजे फोडणारा. नावाप्रमाणे तटबंदीवर ते जास्त जोरात तुटून पडतात. ‘अगं बाई, हत्ती!’ तो हाच.

पहिल्या वीस टर्न

राजधानी पहिल्याच टर्नला वसवा, जागा शोधत हिंडू नका. गोड्या पाण्याजवळ असाल तर उत्तम, कारण कोरड्या जागी वसलेल्या वस्तीत आनंद कमी मिळतो. यावेळी काही नद्या एवढ्या रुंद आहेत की त्यांतून गलबतं आत येतात. अशा नदीकाठी एक तरी शहर हवंच. पूरही येतात बरं. आम्ही कृष्णाकाठची माणसं, २०१९ चा महापूर डोळ्यांनी बघितलेला, त्यामुळे गेममध्ये पाणी चढलं की पोटात गोळा येतो. पण गेममधल्या पुराने बांधलेलं मोडलं तरी कधीकधी त्याच जमिनीचं अन्न वाढतं. दुरुस्ती करा, जागा सोडू नका.

राजधानी वसली की एक टेहळ्या काढा, मग दुसरा. वाटेत अवशेष, गुहा, सोडलेले तळ दिसतील. त्यांवर गेलात की एक छोटा प्रसंग येतो आणि दोन-तीन पर्यायांतून एक निवडायचा असतो. पहिल्या काही टर्नमध्ये मिळालेलं सोनं किंवा अन्न नंतरच्या शंभरापेक्षा मोलाचं असतं, म्हणून टेहळ्याला बसवून ठेवू नका.

जुन्यांनो, तुमचा कामगार शोधू नका. तो गेला. तिसऱ्या भागात मी दहा-दहा कामगारांना रस्ते खणायला लावायचे, त्यात एक समाधान होतं, ते संपलं. आता लोकसंख्या वाढली की गेम विचारतो, नवीन माणसं कुठे पाठवू? एखादं मोकळं घर निवडायचं, तिथे जमीन बघून शेत, खाण किंवा लाकूडतोड आपोआप उभी राहते. यात एक बारकावा आहे आणि मला तो दुसऱ्या डावात कळला: घर निवडताना फक्त आजचं अन्न बघू नका, हद्द कुठे सरकतेय ते बघा. नवीन घर घेतलं की हद्द त्याच्या पलीकडे जाते. दोन घरं पलीकडे मीठ किंवा घोडे दिसत असतील तर त्या दिशेने माणसं पाठवा.

इमारतींत आधी धान्यकोठार, वीटभट्टी आणि लाकूडकापणीची जागा. शेतं जास्त असतील तर कोठार आधी, खाणी आणि मातीच्या जागा जास्त असतील तर वीटभट्टी. या साठवणुकीच्या इमारतींवर ‘एजलेस’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे युग बदललं तरी त्या चालू राहतात. वंडर्स, म्हणजे जगातल्या आश्चर्यासारख्या मोठ्या वास्तू, आणि आपल्या संस्कृतीच्या खास इमारतीही तशाच. कुठलीही इमारत बांधण्याआधी तिच्यावर हा शब्द आहे का बघायची सवय लावा. मी स्ट्रिप हातात घेतली की नाव नंतर वाचते, तारीख आधी.

गाव आणि शहर

नवीन वसवलेली प्रत्येक वस्ती आता आधी गाव असते. गावात काही बनवता येत नाही. तिथल्या श्रमाचं सोनं होऊन तिजोरीत येतं आणि त्या सोन्याने इमारती विकत घ्यायच्या. सोनं भरलं की गावाचं शहर करता येतं.

माझा पहिला डाव मोडण्याचं अर्धं कारण इथे आहे. सहाव्या भागाच्या सवयीने मी प्रत्येक गावाचं शहर करत सुटले. सगळी शहरं उपाशी, सगळी अर्धवट, तिजोरी कोरडी. खरी रीत अशी की दोन-तीन शहरं नीट वाढवायची आणि बाकीची गावं गावंच ठेवायची. गावाची वस्ती सातवर गेली की त्याला एक काम नेमून देता येतं, शेतीचं, खाणीचं, व्यापाराचं. काम नेमलं की त्या गावाची वाढ थांबते आणि तिथलं अन्न जोडलेल्या शहरांना जातं. सांगली-मिरजेला भाजी कुठून येते? तेच.

वरच्या पट्टीत वस्त्यांची मर्यादा दिसते. ओलांडता येते, पण ओलांडलेल्या प्रत्येक वस्तीमागे सगळीकडचा आनंद घटतो. एखादी वस्ती जास्त झाली तर चालवून घ्या. तीन झाल्या तर बंडाची तयारी ठेवा.

आनंद, सोनं यांच्या शेजारी एक नवीन आकडा दिसेल, प्रभावाचा. जुन्या खेळाडूंचं त्याकडे लक्षच जात नाही. शेजाऱ्यांशी बोलणं, मिळून संशोधन करणं, युद्धात लोकांचा पाठिंबा आपल्या बाजूला ओढणं, सगळं या पैशातून होतं. पहिला मोठा खर्च मात्र जवळच्या स्वतंत्र टोळीवर करा. मैत्री वाढवत नेली की ती आपली अंकित नगरी होते आणि काहीतरी कायमचा फायदा देते. मैत्री केली नाही तर त्याच टोळीचे लोक तुमची शेतं जाळायला येतात, हेही एक कारण आहेच.

ती रात्र

आता जे सांगतेय ते नीट वाचा, बाकी काही विसरलात तरी चालेल.

पहिल्या डावात शेजारी इराणचा राजा झर्क्सीझ होता. त्याचं एक शहर माझ्या नदीच्या मुखाशी बसलेलं, डोळ्यात खुपायचं. मी चौदा पलटणी उभ्या केल्या, त्यातले पाच हत्ती. सेनापती एकच, कारण सेनापती हा काय प्रकार आहे हे मी वाचलंच नव्हतं. रात्री दीड वाजता शहराला वेढा पडला. तटबंदीचे भाग एकेक करून घ्यावे लागतात, दोन घेऊन झाले होते, उरला मधला वाडा. हत्ती दारात उभे. अजून दोन टर्न, फार तर तीन. मी टर्न संपवायचं बटण दाबलं.

पडदा काळा झाला. संगीत बदललं. प्राचीन युग समाप्त.

परत नकाशा दिसला तेव्हा युद्ध संपलेलं होतं. झर्क्सीझचं शहर झर्क्सीझचंच. माझे शिपाई सीमेवरून उचलून आपापल्या गावी नेऊन ठेवलेले, आणि चौदांतले बरेचसे नव्हतेच. हत्ती तर एकही नाही. दुसरं शहर पुन्हा गाव झालेलं. मी त्या पडद्याकडे किती वेळ बघत होते देव जाणे. मग उठून पाणी प्यायले आणि सिव्हिलोपीडिया, म्हणजे गेममधलाच ज्ञानकोश, उघडून पहिल्यांदा नीट वाचला.

तर नियम असा. पडद्यावर युगाची प्रगती टक्क्यांत दिसते. ती प्रत्येक टर्नला थोडी सरकते, पण कुणीही, तुम्ही किंवा शेजाऱ्याने, एखादा मोठा टप्पा गाठला की ती उडी मारते. म्हणून ‘अजून दहा टर्न आहेत’ असला हिशेब करू नका. साधारण सत्तर टक्क्यांच्या आसपास संकट सुरू होतं: आक्रमणं, बंडं किंवा साथीचा रोग. संकटात तुम्हाला तोट्याची धोरणं स्वतःच्या हाताने निवडावी लागतात, त्यातल्या त्यात कमी दुखणारी. (साथ आली तेव्हा मी धंद्याने औषधवाली असून माझी तीन गावं आजारी पडली. भाच्याने याचे खूप विनोद केले.)

युग बदललं की सगळी युद्धं जागच्या जागी संपतात. सैन्यातलं मोजकंच तुमच्याकडे राहतं, वर सेनापतींच्या हाताखाली मावेल तेवढं. एका सेनापतीकडे सुरुवातीला चार पलटणी बसतात, बढती दिली की जास्त. लढाईचा अनुभवही आता शिपायाला मिळत नाही, सेनापतीला मिळतो, आणि सेनापती युग ओलांडून पुढे येतो. म्हणजे सैन्य वाढवायचं असेल तर आधी सेनापती वाढवायचे. चार-पाच पलटणींमागे एक, हे प्रमाण मी आता मोडत नाही.

म्हणून साठ टक्के झाले की मी वही काढते. खरीखुरी वही, दुकानातलीच. चालू युद्ध या युगात संपेल का? नसेल तर आत्ताच तह, शक्य झालं तर एखादं गाव पदरात पाडून. सेनापती पुरेसे आहेत का? बांधायला घेतलेल्या इमारतींपैकी कुठल्या पुढे टिकणार? जी टिकणार नाही ती सोडून वंडर पुरं करा. उरलेल्या सोन्यातून मोक्याच्या गावात कोठार विकत घ्या, ते टिकतं.

कशाच्या मागे लागायचं

प्रत्येक युगात चार वाटा असतात: विज्ञान, संस्कृती, सैन्य, व्यापार. प्राचीन युगात विज्ञानाला दहा ग्रंथ जमवून मांडायचे, संस्कृतीला सात वंडर्स, सैन्याला वस्त्यांचे बारा गुण (जिंकलेली वस्ती दुप्पट धरतात), व्यापाराला वीस संसाधनं शहरांना जोडायची. चारही पूर्ण करायच्या नादी लागू नका. एक पूर्ण, दुसरी अर्धी, इतकं पुष्कळ.

माझं मत विचाराल तर पहिल्या डावाला व्यापार धरा. एक तर व्यापारी पाठवून शेजाऱ्याची संसाधनं आणता येतात, लढावं लागत नाही. आणि ती वाट पूर्ण केली की सुवर्णयुगाचा एक पर्याय मिळतो, ज्यात युग बदलल्यावर तुमची शहरं शहरंच राहतात. नाहीतर राजधानी सोडून सगळी पुन्हा गावं होतात आणि परत सोनं ओतत बसावं लागतं. मी तिसऱ्या डावात हेच केलं. शोधयुगात चार शहरांनिशी उतरले, तेव्हा झर्क्सीझ एका शहरावर होता. वेढ्याचा हिशेब तिथे चुकता झाला.

मौर्यांनंतर चोळ घ्या, मौर्य खेळलात की ती वाट खुली असते. इतर वाटाही खेळातून उघडतात. तीन ठिकाणचे घोडे ताब्यात घेतले तर मंगोल होता येतं. ओजसने पहिल्याच डावात तेच केलं, अशोक मंगोलांचा खान. मला ते बघवेना. पण नियमात बसतं.

शोधयुगात समुद्र खुला होतो. घाईघाईने जहाजं खोल पाण्यात लोटू नका, जहाजबांधणी शिकेपर्यंत खोल समुद्रात नुकसान होत राहतं. पलीकडच्या भूमीवर किनाऱ्याला, मसाले, साखर, चहा असलं काही दिसेल तिथे गाव वसवायचं, धक्का बांधायचा, की तिथून खजिन्याची जहाजं निघायला लागतात. ती मायभूमीच्या बंदरात आणून रिकामी केली की गुण. तीस गुणांना व्यापाराची वाट पूर्ण. चोळ इथे शोभतात, त्यांचं आरमारच मुळी खास आहे. जहाजं एकेकटी पाठवू नका, चाचे टपलेले असतात. सोबत एक लढाऊ गलबत द्या.

संस्कृतीच्या वाटेला या युगात नाव दिलंय ‘तोशाखाना’, म्हणजे राजाच्या मौल्यवान वस्तूंचं कोठार. धर्मप्रसार करून पवित्र वस्तू जमवायच्या, बारा लागतात. नाव वाचून मला फार आवडलं, संस्थानी गावात वाढलेल्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पण पहिल्या डावात त्या भानगडीत पडू नका. धर्मप्रचारक इकडून तिकडे पळवण्यात निम्मी रात्र जाते आणि शेजारी लगेच आपली गावं परत त्यांच्या धर्मात नेतो.

आधुनिक युगाबद्दल थोडक्यात. इथे विजय ठरतो. चोळांनंतर मुघल घेतलेत तर सोनं धो धो येतं आणि बाकी सगळं कमी मिळतं, तेव्हा व्यापाराचीच वाट पुढे न्या: रेल्वे, कारखाने, पाचशे गुण, मग एक बँकर प्रत्येक राजधानीत फिरवून जागतिक बँक उभी करायची. विज्ञानवाल्यांना माणूस अंतराळात पाठवायचा असतो, संस्कृतीवाल्यांना पंधरा पुरावस्तू खणून जागतिक प्रदर्शन भरवायचं असतं. सैन्याच्या वाटेचा शेवट अणुबॉम्बकडे जातो, त्या वाटेला मी अजून गेले नाही. खरं सांगायचं तर तिन्हींत हे युग मला सगळ्यात फिकं वाटतं. पहिल्या पन्नास टर्नची हुरहूर इथे नाही, नुसती कामं उरकायची असतात.

जुन्यांच्या तक्रारींबद्दल

गेम आला तेव्हा पडद्यावरच्या मांडणीवर सडकून टीका झाली होती. टीका खोटी नव्हती. कुठल्या शहराला आनंद का कमी, हे शोधायला चार ठिकाणी टिचक्या माराव्या लागायच्या. नंतर पॅच, म्हणजे दुरुस्त्या, येत गेले, बऱ्याच गोष्टी सुधारल्या. जिंकल्यावरही खेळत राहायचा ‘अजून एक टर्न’चा पर्याय सुरुवातीला नव्हता, तोही मागाहून आला. सिव्हच्या माणसाला ‘अजून एक टर्न’ नाही म्हणजे चहा आहे पण बशी नाही.

संगीतावर मात्र तक्रार नाही. सुरुवातीचं मुख्य गाणं ख्रिस्तोफर टिन यांचं आहे. चौथ्या भागाचं स्वाहिली गाणं त्यांचंच, ग्रॅमी मिळवणारं गेममधलं पहिलं संगीत. सातव्याचं ते गाणं लागलं की मी टर्न दाबायची थांबते. तानपुऱ्यांच्या गावात राहून एवढं तरी कळायला हवं.

गेल्या रविवारी दुपारी दुकान बंद होतं. ओजस त्याच्या मंगोल होऊ घातलेल्या अशोकाला घेऊन माझ्या जागेवर बसला होता, मी मागे मटार सोलत. शेजाऱ्याच्या शहराला त्याचा वेढा पडलेला, हत्ती दारात.

“आत्या, एकच सेनापती आहे. दुसरा बनवायला तीन टर्न लागतील म्हणतोय.”

“वर टक्के किती?”

“सत्त्याण्णव.”

मी काही बोलले नाही. त्याने माऊस टर्नच्या बटणावर नेला, तिथेच ठेवला, मग मागे घेतला. हत्ती एकेक करून दारातून मागे वळवले आणि सेनापतीच्या हाताखाली बसवायला लागला. चार बसले. पाचवा बाहेर राहिला.

“याचं काय करू?”

“कुठल्या गावाच्या जवळ आहे बघ,” मी म्हटलं, आणि मटारचं ताट खाली ठेवून त्याच्याशेजारी खुर्ची ओढली.